टाकी रिकामी, डबा भरलेला

संभाजीराव काळभोरांनी फोनवर दोनच अटी घातल्या. जीपच्या मागचा डबा डिझेलनं काठोकाठ भरलेला पाहिजे आणि जीपची टाकी रिकामी पाहिजे. अशी गाडी घेऊन रविवारी सकाळी हडपसरला माझ्या घरी या, मग कच्छला न्यायचं की नाही ते बघू. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मेहेंदळे सर रिसीव्हर हातात धरून तसेच उभे राहिले. पहिली अट त्यांना कळली होती. दुसरीही कळली होती. दोन्ही मिळून काय होतं, ते कळत नव्हतं.

"काय म्हणाले?" अत्तार सरांनी विचारलं. ते समोरच्या खुर्चीत चहा पीत बसले होते.

"टाकी रिकामी करून हडपसरला या म्हणतात."

"कशानं यायचं?"

"जीपनं."

"रिकाम्या टाकीनं?"

"हो."

अत्तार सरांनी कप खाली ठेवला. "श्याम, परत फोन लाव आणि नीट विचार."

"छे! तीस वर्षं वर्गात उभे राहिलो आपण. प्रश्न कळला नाही म्हणून कसं विचारायचं?"

श्यामसुंदर मेहेंदळे भूगोलाचे आणि रज्जाक अत्तार चित्रकलेचे. दोघांनी एकाच शाळेत उभा जन्म काढला आणि एकाच वर्षी निवृत्त झाले. मेहेंदळे सर दर वर्षी कच्छचं रण शिकवत आणि त्यासाठी अत्तार सरांनी काढून दिलेला मोठा रंगीत नकाशा फळ्यावर टांगत. रणाची लांबी, रुंदी, मीठ, माती सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पाहिलं मात्र दोघांपैकी एकानंही नव्हतं. निरोपसमारंभात एका मुलीनं भाषणात सांगून टाकलं, की सरांचं रण ऐकताना घशाला कोरड पडायची. ते सरांच्या मनाला लागलं. न पाहिलेल्या गोष्टीनं आपण पोरांचे घसे कोरडे केले! मग दोघांनी मिळून लष्कराच्या लिलावातून निघालेली, पुढे कोणीतरी डिझेलचं इंजिन बसवलेली एक जुनी जीप घेतली. तिच्या पाठीला डबा अडकवायची लोखंडी चौकट होती. चौकट आहे म्हणून डबा घेतला, आणि डबा आहे म्हणून संभाजीरावांना फोन केला.

संभाजीराव दर हिवाळ्यात पुण्याहून जीपगाड्यांचा ताफा घेऊन कच्छला जात. ताफ्यातल्या प्रत्येक गाडीवर जादा डिझेलचा डबा हवाच, असा त्यांचा दंडक होता. गेल्या साली एका गृहस्थांनी डबा नेला खरा, पण ऐन रणात त्याचं झाकण उघडेना. सगळा ताफा उन्हात ताटकळला. तेव्हापासून संभाजीराव नव्या माणसाची परीक्षा घेतल्याशिवाय नाव लिहून घेत नसत.

"पण जादा डबा लागतोच कशाला?" मेहेंदळे सरांच्या पत्नी सरोजिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "डिझेल संपलं की पंपावर थांबायचं."

"रणात पंप नसतात," मेहेंदळे सर म्हणाले.

"मग जिथं पंप असतात तिथं जा की."

सरांनी जीपची किल्ली उचलली. ते अत्तारांना घेऊन खाली जीपपाशी गेले.

बराच खल झाल्यावर अटीचा अर्थ लागला, निदान तसं वाटलं. टाकी रिकामी व्हायला हवी ती हडपसरला पोचताना. म्हणजे हडपसरपुरतंच डिझेल टाकीत ठेवायचं. त्यासाठी आधी टाकीत किती आहे हे कळायला हवं होतं. जीपचा काटा गाडी घेतल्यापासून अर्ध्यावर होता. चढावर अर्ध्यावर, उतारावर अर्ध्यावर, आणि गाडी बंद करून किल्ली खिशात घातली तरी अर्ध्यावरच.

"आपण आठवडाभर पंपावर गेलो नाही," अत्तार सर म्हणाले. "म्हणजे कमीच असणार."

"आठवडाभर गाडी तरी कुठे काढली?"

"मग तेवढंच असणार."

"तेवढं म्हणजे किती?"

"ते मला माहीत असतं, तर मी काट्याकडे कशाला बघितलं असतं?"

शेवटी रविवारी सकाळी देवावर आणि काट्यावर हवाला ठेवून दोघं कोथरूडहून निघाले. अत्तार सरांनी मांडीवर कच्छच्या नकाशाची गुंडाळी घेतली होती. संभाजीरावांवर छाप पडावी म्हणून. कर्वे रस्ता झाला, डेक्कन झालं, स्वारगेट मागे पडलं. प्रत्येक सिग्नलला मेहेंदळे सरांना काळजी वाटे, की गाडी आत्ताच बंद पडते की काय. पुलगेटच्या पुढे त्यांना उलटी काळजी लागली. गाडी बंद पडायचं नाव घेईना. फातिमानगर आलं, गाडी छान. वैदुवाडी आली, गाडी आणखी छान. इंजिनाचा असा गोड आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

हडपसरला संभाजीराव दारातच उभे होते. धिप्पाड माणूस, अंगात पांढरा सदरा, मिशा पिळलेल्या.

"या गुरुजी. टाकी झाली का रिकामी?"

"अजून नाही," मेहेंदळे सर ओशाळून म्हणाले.

"मग करून या. तवर चहा टाकाय सांगतो."

"करून येऊ? कशी?"

"फिरवा की गाडी! डिझेल पिऊनच संपतं, ओतून न्हाय द्यायचं. आन संपलं की मला तितं बोलवू नगा. आपली आपण डबा ओतून चालू करा आन चालवत इथवर आणा. बास, हीच परीक्षा."

दोघांनी गाडी वळवली. घरासमोरच्या गाडीतळाच्या चौकाला एक फेरी झाली. दुसरी झाली. प्रत्येक फेरीला संभाजीराव दारातून हात करत आणि मेहेंदळे सर मान हलवून "नाही" म्हणत. चौथ्या की पाचव्या फेरीला संभाजीरावांनी दाखवण्यापुरता चहाचा कप वर केला, आणि पिऊन टाकला.

"असं नाही चालायचं," मेहेंदळे सर म्हणाले. "मोकळ्या रस्त्यावर गाडी डिझेल कमी खाते. गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जास्त खाते. आपण गर्दीत गेलं पाहिजे."

"गर्दी कुठं असते?"

"स्वारगेटला."

बोलणं तर्काला धरून होतं. अत्तार सरांना त्यात खोट दिसली नाही. गर्दीत गाडी बंद पडली तर काय, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला नाही. कारण ती बंद पडेल यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता.

स्वारगेटच्या चौकात त्यांनी पहिली चक्कर मारली, तेव्हा हवालदार बजरंग शिंदे यांनी त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या चकरेला निरखून पाहिलं. तिसऱ्या चकरेला हात दाखवून थांबवलं.

"काका, कुठं जायचंय?"

"कुठंच नाही," मेहेंदळे सर खरं ते बोलले.

"पत्ता सापडत नाही का?"

"पत्ता नकोय. आम्ही डिझेल संपवतोय."

हवालदारांनी दोघांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मागच्या डब्याकडे पाहिलं, आणि आपण हे ऐकलंच नाही असं ठरवून शिट्टी वाजवली. "चला, पुढं घ्या!"

पुढं घेतली आणि जीपनं दोन आचके दिले. तिसऱ्याला ती थांबली. अगदी एस्टी स्टँडच्या तोंडाशी, आडवी. नेमकी तेव्हाच आतून साताऱ्याची गाडी बाहेर पडत होती. तिच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर जो हात ठेवला, तो काढलाच नाही. त्या गाडीच्या मागे दुसरी लागली, दुसरीच्या मागे तिसरी.

"संपलं!" अत्तार सर आनंदानं ओरडले. "श्याम, संपलं एकदाचं!"

आजूबाजूच्या लोकांना हा आनंद कशाचा ते समजेना. मेहेंदळे सरांनाही क्षणभर आपण खूश व्हावं की घाबरावं, ते उमजेना.

हवालदार धावत आले. "काय झालं?"

"डिझेल संपलं."

"आणि मागच्या डब्यात काय आहे?"

"डिझेल."

"मग ओता ना!"

ओतायचं कुठं, इथपासून सुरुवात होती. या जुन्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट काढली तेव्हा कळलं, की एवढा जड डबा उचलून ओतायचा तर नरसाळं हवं, आणि नरसाळं कोणी आणलेलं नव्हतं. अत्तार सर नकाशाची गुंडाळी छातीशी धरून उभे होते. मेहेंदळे सरांची नजर गुंडाळीवर गेली. जाड, गुळगुळीत, मागून कापड लावलेला कागद.

"रज्जाक."

"नाही."

"रज्जाक, मागे तीन एस्ट्या उभ्या आहेत."

"वीस वर्षं जपलाय, श्याम. रंग बघ त्याचे!"

हॉर्नचा आवाज आणखी चढला. अत्तार सरांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या हातानं नकाशाचं नरसाळं करून दिलं. हवालदारांनी एका बाजूनं डबा धरला, मेहेंदळे सरांनी दुसऱ्या बाजूनं. डिझेल घळाघळा टाकीत उतरलं. थोडं हवालदारांच्या बुटांवर उतरलं.

"कच्छचं रण ओलं झालं रे," अत्तार सर नकाशाकडे बघत म्हणाले.

"पावसाळ्यात ते ओलंच असतं," मेहेंदळे सर सवयीनं म्हणाले, आणि सीट जागेवर ठेवून वर बसले.

किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा झाल्यावर घरघर बारीक होत गेली आणि नुसतं 'टक्' वाजायला लागलं. बॅटरीही बसली.

मेहेंदळे सरांचं डोकं चालेना. डिझेल नव्हतं म्हणून गाडी बंद पडली, हे कळण्यासारखं होतं. आता डिझेल होतं, टाकीभर होतं, आणि गाडी मघापेक्षा जास्त बंद होती.

"डिझेलच आहे ना रे ते?" त्यांनी हळूच विचारलं.

अत्तार सरांनी बोटाला लागलेलं हुंगलं. "आहे. म्हणजे वाटतंय. तू घे वास."

सरांनी वास घेतला. हवालदारांनीही घेतला. तिघांचंही मत डिझेलच पडलं आणि गाडी जागची हलली नाही.

"कुठं निघालात एवढा डबा बांधून?" हवालदारांनी कपाळाचा घाम पुसत विचारलं.

"कच्छला."

"या गाडीनं?"

"हो."

"कच्छ कुठल्या बाजूला आलं, माहितीये का?"

भूगोलाच्या शिक्षकाला असा प्रश्न! मेहेंदळे सर ताडकन ताठ झाले, त्यांनी वायव्य दिशेला हात केला, आणि तो तसाच हवेत राहिला. त्यांचं बोट साताऱ्याच्या गाडीच्या तिसऱ्या खिडकीवर रोखलं गेलं होतं. खिडकीत सरोजिनीबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी हमीदाभाभी, अत्तारांच्या पत्नी, संत्रं सोलत होत्या.

"कोण हो हे?" पुढच्या सीटवरच्या बाईनं मान वळवून विचारलं. "ओळखीचे आहेत का? तुमच्याकडेच बोट दाखवतायत."

"छे हो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "निवृत्त मास्तर दिसतात. उन्हानं होतं असं."

हमीदाभाभींनी पदर तोंडाशी धरला आणि संत्र्याची फोड त्यांच्या हातातून खाली पडली.

मेहेंदळे सर खिडकीखाली गेले. "सरोजिनी! तू इथं कशी?"

"हमीदाच्या बहिणीकडे चाललोय, साताऱ्याला. सकाळी सांगितलं तुम्हाला. तुम्ही मान हलवलीत."

"कशी हलवली? हो अशी की नाही अशी?"

"ते मला काय विचारता? मान तुमची."

"आमच्या यांनीही हलवली होती," हमीदाभाभी म्हणाल्या. "दोघांना कधी एकदा रणात जातो असं झालंय. आम्ही म्हटलं, आपणही कुठंतरी जाऊन येऊ." मग त्यांचं मन विरघळलं. पिशवीतून त्यांनी दोन संत्री काढून खाली दिली. "खाऊन घ्या. तोंड सुकलंय तुमचं."

तेवढ्यात हवालदारांनी एस्टीतल्या पुरुषमंडळींना खाली उतरवलं. सगळ्यांनी मिळून जीप बाजूला ढकलली. ढकलताना जो तो कच्छच्या नावानं काही ना काही बोलून घेत होता. साताऱ्याची गाडी सुटली. खिडकीतून सरोजिनीबाईंनी हात हलवला, पण तो निरोपाचा होता की कपाळावर मारायला उचललेला, ते सरांना नीट दिसलं नाही.

शेजारच्या पीसीओवरून मेहेंदळे सरांनी हडपसरला फोन लावला. हरल्याचं कबूल करायचं होतं, त्यामुळे आवाज आपोआपच खाली आला.

"डिझेल ओतलं, पण गाडी चालू होत नाही, संभाजीराव."

"हां!" पलीकडून समाधानाचा आवाज आला. "हवा काढली का?"

"चाकातली?"

"अवो गुरुजी, डिझेलची गाडी पार कोरडी झाली की नळीत हवा शिरती. ती काढल्याबिगर इंजिन डिझेल वढत न्हाय. डबा काय, कोण बी ओतंल. हवा काढता येती का, तेच तर बघायचं हुतं! थांबा तितंच. येतो मी जीप घिऊन."

दोघं जीपच्या सावलीत संत्री खात बसले. अत्तार सरांनी डिझेलनं भिजलेला नकाशा रस्त्याकडेच्या कठड्यावर वाळत घातला होता. त्यावरचे रंग एकमेकांत उतरून भुजच्या जागी मोठा जांभळा डाग पडला होता.

"नापास झालो आपण," मेहेंदळे सर म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांना नापास केलं. कसं वाटतं ते आज कळलं."

"मी कोणाला नापास केलं नाही," अत्तार सर म्हणाले. "चित्रकलेत सगळे पास व्हायचे. पण श्याम, मला खरंच जायचं होतं रे. नकाशात मी रणाला पिवळा रंग दिलाय. मीठ पांढरं असतं की पिवळं, ते बघायचं होतं."

पांढरं असतं, हे मेहेंदळे सरांना पाठ होतं. पण पाठ असणं आणि माहीत असणं यांत आज त्यांना फार मोठं अंतर दिसत होतं.

हडपसरहून जीपनं यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट झाला. संभाजीरावांचा पत्ता नाही. येणाऱ्या प्रत्येक जीपकडे दोघं आशेनं बघत होते. आणि अचानक हडपसरकडून आलेल्या पीएमटीच्या बसमधून, गर्दीत मिशा चुरगळलेले संभाजीराव खाली उतरले. हातात पान्ह्यांची पिशवी होती.

"बसनं आलात?" मेहेंदळे सरांनी विचारलं.

"हां."

"आणि जीप?"

"हाय की. फातिमानगरला उभी हाय."

"बिघडली?"

"बिघडंल कशी? ठणठणीत हाय." संभाजीरावांनी मान खाली घालून बॉनेट उघडलं. त्यांनी एक नट सैल केला, आतला हातपंप दाबला, बुडबुडे निघाले, पुढे नुसती धार आली, तसा नट आवळला. हवालदारांनी चार माणसं जमवून पुन्हा धक्का मारला. जीप धाडकन चालू झाली आणि बजरंग शिंदे यांनी आकाशाकडे बघून हात जोडले.

"चला," संभाजीराव मागे बसत म्हणाले. "मला फातिमानगरला सोडा."

अर्ध्या वाटेवर त्यांनी पुढे वाकून, इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल अशा बेतानं विचारलं, "गुरुजी, तुमच्या डब्यात काय शिल्लक हाय का?"

मेहेंदळे सरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कशाचं?"

"डिझेल."

"तुम्हाला कशाला हवंय?"

संभाजीरावांनी खाकरून घसा साफ केला. "घाईत निघालो. टाकी बघितलीच न्हाय."

"पण तुमच्या जीपवर डबा आहे ना?" अत्तार सरांनी मान वळवली.

"डबा हाय. डब्यातलं परवा शेतातल्या पंपाला घातलं. भरायचं ऱ्हाऊन गेलं." त्यांनी मिशीवर हात फिरवला, पण ती पुन्हा वर गेली नाही.

दोन्ही मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्गात उत्तरपत्रिका परत देताना ते कधी हसले नव्हते. आताही हसले नाहीत, फक्त मेहेंदळे सरांनी गिअर उगाच दोनदा बदलला.

फातिमानगरला ताफ्याच्या म्होरक्याची झुलींनी सजवलेली जीप रस्त्याकडेला केविलवाणी उभी होती. मागचा डबा तेवढा चकचकत होता. सरांचा डबाही रिकामा, संभाजीरावांचाही रिकामा. जे काय होतं ते सरांच्या टाकीत, सीटखाली. कोपऱ्यावरच्या दुकानातून रबरी नळी आणली. टाकी उंचावर, डबा खाली जमिनीवर; नळी भरली की आपोआप वाहत राहील, हे मेहेंदळे सरांनी समजावून सांगितलं. फक्त पहिला घोट तोंडानं ओढावा लागतो, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण बाकीच्या दोघांनी नळी आधीच त्यांच्या हातात दिली होती. सरांनी ओढला. डिझेल आलं, थोडं डब्यात आणि बरंचसं सरांच्या तोंडात. थुंकत, डोळे पुशीत ते वर बघतात तो संभाजीराव त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या घेऊन वाकले होते.

"तुमची दोघांची नावं घितली म्हणून समजा," ते म्हणाले. "रणात तुमची जीप माझ्या जीपशेजारीच चालंल."

"शेजारी का?"

"तुमच्याकडं भरल्याला डबा असतो." आणि आवाज आणखी उतरवून, "बाकीच्या मंडळींना यातलं काय बोलू नगा. मान राखा गरिबाचा."

संध्याकाळी कोथरूडला घरात पाऊल टाकतात तो फोन वाजत होता. तीनदा चूळ भरूनही मेहेंदळे सरांच्या तोंडाला डिझेलची चव होतीच. फोन साताऱ्याहून होता.

"पोचलात का?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"पोचलो. आणि ऐक, आम्ही पास झालो! कच्छला न्यायचं ठरलं."

"पास? गाडी रस्त्यात आडवी टाकून?"

"ते फोनवर सांगण्यासारखं नाही. पण नक्की जाणार."

पलीकडे कुजबुज झाली. हमीदाभाभी काहीतरी बोलत होत्या, मध्येच हसत होत्या. मग सरोजिनीबाईंचा आवाज पुन्हा आला, नेहमीसारखा सरळ आणि कोरडा.

"मग असं करा. तुम्ही दोघं जीपनं निघा. मी आणि हमीदा आठ दिवसांनी रेल्वेनं निघतो. म्हणजे सगळे बरोबरच पोचू."

फोन ठेवला गेला. हा टोमणा होता की बेत, हे मेहेंदळे सरांना काही केल्या उलगडेना. मग त्यांनी कपाटावरचं रेल्वेचं वेळापत्रक काढलं आणि भुजला जाणारी गाडी शोधायला बसले.